मागची भिंत

पुणे, १४ जानेवारी २०२४

प्रिय भोजूदादा,

तिळगूळ पाकिटात मावत नाही, म्हणून नुसतंच गोड बोलते. फोनवर तुझा अर्धाच आवाज येतो, उरलेला अर्धा तुमच्या टेकडीवरचा वारा खातो. आणि जे विचारायचंय ते फोनवर विचारलं तर तू हसून उडवून देशील. म्हणून पत्र.

आमच्या घरमालकांचा मुलगा परत येतोय. मेअखेर घर रिकामं करायचं. लग्नाला आठ वर्षं झाली आणि हे सहावं घर. दर वेळी खिळे उपटायचे, भोकं बुजवायची, आईंचे देव वर्तमानपत्रात गुंडाळायचे. आई म्हणजे हिमांशूच्या आई, शांतीबाई. लग्नात तू त्यांच्याशी रात्रभर गप्पा मारल्या होत्यास. आता त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

आमच्या वयाच्या सगळ्यांनी फ्लॅट घेऊन टाकले. राहुल आणि डिंपल, आमचे मित्र, परवा अकराव्या मजल्यावर राहायला गेले. वास्तुशांतीच्या दिवशी डिंपल ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "आता वीस वर्षं आम्हा दोघांपैकी कुणालाच साहेबाला उलट बोलता येणार नाही." हसत म्हणाली, पण लगेच पाठ फिरवून कपबश्या विसळायला लागली. परत येताना हिमांशू म्हणाला, "बँकेचं भाडेकरू होण्यापेक्षा माणसाचं झालेलं बरं." मला ते पटतं. पण दादा, भोकं बुजवून मी दमले आहे. कुणालाही न विचारता खिळा ठोकता येईल अशी एक भिंत मला हवी आहे.

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या बहिणीच्या, रेणूच्या लग्नाला आलो तेव्हा गावाबाहेर, बोडीच्या तळ्यापलीकडे, मंगरूकाकांचं घर पाहिलं होतं. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, अंगणात मोहाचं झाड, मागे लगेच जंगल. त्यांच्या बायकोनं आम्हाला आंबील दिली होती. हिमांशू तेव्हापासून त्या घराचं नाव काढतोय. तेवढं आम्हाला कर्ज न काढता जमेल. काका विकतील का?

हसू नकोस. विचारून कळव.

तुझी
आचल


बेहडटोला, ३० जानेवारी

आचल,

तुझं पत्र भेटलं. रुख्माले वाचून दाखवलं त ती म्हणते, तुमची बहीण पागल झाली का?

आपण दोघं चुलत भाऊबहीण एकाच वर्षी दहावी पास झालो. तू तिरोड्याहून पुण्याले गेली, मी आयटीआय करून वेल्डर झालो. आता पाह्य, तुम्ही शिकलेले लोक मातीच्या घराकडे पळून राहिले आन आम्ही मातीतून सुटाले पाहून राहिलो. माझ्या घरावर अर्धा स्लॅब पडला, अर्ध्यावर अजून कवेलूच आहे. पूरा पडला त रुख्मा गावात पेढे वाटीन म्हणते. तुले मातीचं घर कायले पाहिजे? सारवता येते काय तुले?

पण विचारलं म्हणून सांगतो. मंगरू विकते. उद्या म्हणशील त उद्या सही करते. तो आता पोरीकडे राजनांदगावले राहते. त्याची बायको दिवाळीनंतर वारली. ताप होता. इथं त्याचं मन लागत नाही.

घर चांगलं आहे. मागची भिंत पावसानं खचली होती, ते मी उभं राहून नवी बांधून घेतली. कागदपत्रांत काही भानगड नाही. आपल्या घरचं एक माणूस गावात घर घेते म्हणून माझ्या बाबाले लय आनंद झाला, त्यांनी दोन लोकांले सांगूनही टाकलं.

सुट्टीत येऊन चार दिवस राहाले मस्त जागा आहे. उन्हाळ्यात येत जा. बारमाही राहाची ते जागा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हिमांशूजीले नमस्कार. मायजीले दंडवत.

भोजराज


पुणे, २२ एप्रिल

प्रिय भोजूदादा,

काल ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा पोस्टानं आला. त्यावर माझं नाव! हिमांशूनंच हट्ट धरला की घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं. मी तो कागद आईंच्या देवांपुढे ठेवला आणि दिवसभर येताजाता वाचत राहिले. चौतीस वर्षांत रेशनकार्ड सोडून कशावर माझं नाव चढलेलं आठवत नाही.

तुझे उपकार कसे फेडू? तू नसतास तर अर्जुनीच्या त्या कचेरीत आम्ही हरवलोच असतो.

एक गोष्ट मनातून जात नाही. ताबा घ्यायला आलो त्या दिवशी मंगरूकाका अंगणात आलेच नाहीत. सडकेवर उभे राहिले. चावी त्यांनी तुझ्या हातात दिली, तू माझ्या. मी पाया पडायला गेले तर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि रडले. काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात तू त्यांना बाजूला घेऊन गेलास. बायकोची आठवण असेल. एवढा जीव लावलेलं घर आपण घेतलं, ते नीट ठेवायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

दुसरं विचारायचं म्हणजे, घरामागच्या धानाच्या बांधीत चिखल वाळून कडक झालाय, त्यात मोठमोठे गोल खळगे आहेत. परातीएवढे. एका सरळ रेषेत भिंतीपर्यंत येतात. हिमांशू म्हणतो, कुणीतरी झाडं लावायला खोदले असावेत. तसं असेल तर आम्ही पावसाळ्यात खरंच झाडं लावू.

जूनमध्ये येतोय. आईंना घेऊन.

तुझी
आचल


बेहडटोला, ६ मे

आचल,

ते खळगे बैलांचे आहेत. चिखलात बैल रुततात, मग पाणी भरून गड्डा मोठा होते. बुजवून टाक.

जूनमध्ये या, पण मी भेटणार नाही. तिरोड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम भेटलं, दिवाळीपर्यंत तिकडेच. खोली घेतली आहे, पत्ता खाली लिहून राहिलो. गावात टॉवर नाही हे तुले माहीत आहे, काही लागलं त पत्र टाक नाही त रुख्माजवळ निरोप दे.

दोन गोष्टी लक्षात ठेव. मोह वेचून घरात ठेवू नोको. धान पण घरात साठवू नोको. वास लागते, उंदीर येतात. लागेल तेवढं आणाचं आन खाचं. हिमांशूजीलेही सांग.

भोजराज


बेहडटोला, २१ जुलै

प्रिय भोजूदादा,

आपल्या गावातून पत्र लिहितेय! आम्ही इथं येऊन पाच आठवडे झाले. सारवायला शिकले, पहिल्या दिवशी आईंनी माझ्या हाताकडे बघून डोळे मिटून घेतले, आता म्हणतात बरं जमतं. दाराजवळच्या भिंतीत मी पहिल्याच दिवशी खिळा ठोकला. त्यावर काही टांगलं नाही अजून. नुसता खिळा.

बोडी भरली. धानाची रोवणी चालू आहे. संध्याकाळी बायकांची गाणी घरापर्यंत ऐकू येतात. आईंना मागची खोली आवडली, नवी भिंत असल्यामुळे तिथं ओल नाही. खाट तिथंच टाकली. गुडघे बरे आहेत म्हणतात. पुण्यात रोज दोन गोळ्या लागायच्या, इथं एकीवर भागतं.

फक्त रुख्मा वहिनींचं मला कळत नाही. भाजी आणून देतात, प्रेमानं बोलतात, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नाहीत. मी चहाला ओढलं तर म्हणाल्या, "आंगण ओलं आहे." दुसऱ्या दिवशी ऊन होतं, तरी आल्या नाहीत. मी काही चुकले का?

आणि पलीकडचे सुखरामभाऊ काल म्हणाले की मागच्या साली इथं हत्ती आले होते. गडचिरोलीच्या जंगलातून कळप येतो म्हणे. हिमांशू तर उडालाच. "आपल्या अंगणातून हत्ती दिसणार!" सुखरामभाऊंनी त्याच्याकडे असं बघितलं आणि निघून गेले. खरं आहे का हे? ते खळगे त्यांचेच नव्हते ना?

तुझी
आचल


तिरोडा, १० ऑगस्ट

आचल,

पाच आठवडे? तू त सुट्टीत येऊन राहिली होती. हिमांशूजीची सुट्टी एवढी लंबी कशी? कंपनी काही म्हणत नाही काय?

हत्ती आलते, ते खरं आहे. जंगलाच्या कडेनं निघून गेले. मी तुले घाबरवाले नाही सांगतलं. सुखराम काही सांगते, त्याचं मनावर घेऊ नोको.

रुख्माचं काही नाही. तिचा स्वभाव तसा आहे.

पण माझं एक ऐक. दसऱ्याच्या आत पुण्याले परत जा. धान पिकाले लागलं की तिथं राहू नोको. काऊन, ते विचारू नोको. जाता येत नसेल त निदान झोपाले माझ्या घरी जात जा, अर्धा का होईना स्लॅब आहे, वर शिडी लावलेली आहे.

लवकर उत्तर दे. कधी निघता ते लिही.

भोजराज


बेहडटोला, १४ सप्टेंबर

भोजूदादा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. मुद्दाम उत्तर दिलं नाही, राग उतरू दिला. उतरला नाही.

परवा गाडीतून दोघं आले होते. मला विचारतात, "ताई, हे घर भोजराजचं ना? रिसॉर्टसाठी जागा बघतोय, गावात त्याचं नाव सांगितलं." मी म्हटलं घर माझं आहे. आता मला कळतं, "बारमाही राहाची जागा नाही," "दसऱ्याच्या आत जा," "काऊन ते विचारू नोको." तुला हे घर परत हवंय का? की आम्ही नसताना कुणाला दाखवायचंय? हिमांशू आधीपासून म्हणत होता, नातेवाइकांमार्फत व्यवहार करू नये. मी त्याच्याशी भांडले होते, तुझ्यासाठी.

मला धाक घालू नकोस, दादा. पुण्यात सहा घरमालकांनी सांगितलं, कधी निघता? सातव्यांदा ते माझ्या भावानं विचारावं? हे घर मी विकत घेतलंय. इथं राहायला मला कुणाची परवानगी नको.

आई बऱ्या आहेत.

आचल


तिरोडा, २२ ऑक्टोबर

आचल,

दहा वेळा लिहून फाडलं. आता काय होईन ते होऊ दे, सगळं सांगतो.

ते रिसॉर्टवाले कोन, मले माहीत नाही. तुझं घर मले नाही पाहिजे. फुकट दिलं तरी नाही.

मंगरूची बायको तापानं नाही मेली. मागच्या कार्तिकात कळप आला. मंगरूनं मळणी करून धान मागच्या खोलीत भरलं होतं. हत्तीले धानाचा वास दोन कोसावरून येते. त्यांनी मागची भिंत ढकलली. ते बाई तिथं झोपली होती. भिंत तिच्यावर पडली. आम्ही गावातले सगळे स्लॅबवर उभे राहून डबे वाजवत होतो. मंगरू अंगणात होता, तो वाचला. ते खळगे त्यांच्याच पायाचे होते.

मग त्या घरात कोनी पाय ठेवेना. मंगरू मले रोज म्हणे, भोजराज, माझं ते घर काढून दे, मले तिथं पाहवत नाही. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मले वाटलं, पुण्याची माणसं, उन्हाळ्यात चार दिवस येतीन, फोटो काढतीन, जातीन. हत्ती उन्हाळ्यात नाही येत इकडे. मंगरू सुटेल, तुझं मन भरेल, कोनाचं काही जाणार नाही. म्हणून भिंत बांधली आन ताप म्हणून लिहिलं. मंगरू तुले त्या दिवशी सांगत होता, मी त्याले ओढून नेलं. सुखरामले गप्प मीच केलं. त्यालेही आपलं घर विकाचं आहे, तो लगेच मानला. रुख्मालेही माझी शपथ घातली, ती याच्यावरून माझ्याशी तीन महिने बोलली नाही.

एक अजून. मंगरूनं बोडीजवळची त्याची बांधी मले पिकवाले दिली. फुकट. मी नाही म्हटलं नाही.

कालच्या पेपरात आहे की कळप वैनगंगेच्या इकडे आला. कामावर एक गावाकडचा भेटला, तो म्हणते आपल्याजवळच्या इटियाडोहाच्या जंगलात ताजी लीद दिसली. आचल, हे पत्र भेटल्याबरोबर निघ. सामान राहू दे. मायजीले रुख्माच्या घरी ने, शिडी चढता येत नसेल त चौघं मिळून खाटेसकट वर घेतीन. मग पुण्याले जा.

मी ठेकेदाराकडे सुट्टी मागितली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देतो म्हणाला.

भोजराज


बेहडटोला, २५ ऑक्टोबर

प्रिय भोजूदादा,

मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची लाज वाटते. दिवाळी तोंडावर आली, भावाशी असं राहायचं नसतं. तुझं काही उत्तर नाही, म्हणजे तू दुखावला आहेस. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे, ती सांगते, मग तुला माझा राग कळेल.

हिमांशूची नोकरी मार्चमध्येच गेली. खरेदीच्या आधी. एका सकाळी सगळ्या टीमला बोलावलं आणि दुपारी लॅपटॉप जमा करून घेतले. माझी शाळेतली नोकरी तर कंत्राटीच होती. पुण्याचं घर आम्ही मेमध्ये सोडलं, सामान विकलं. दादा, परत जायला आमच्याकडे जागाच नाही. हे एकच घर आहे. तू "पुण्याला जा" लिहिलंस तेव्हा मला कसं वाटलं असेल? पण तुला तरी कसं कळणार होतं? तुझ्या बाबांनी गावभर सांगितलं होतं ना, पुण्याची पोरगी घर घेते म्हणून.

आता बरं चाललंय. हिमांशूनं ठरवलंय की इथला वासाचा तांदूळ छोट्या पिशव्यांत भरून शहरात विकायचा. आसपासच्या शेतकऱ्यांकडून त्यानं नवं धान घेतलं. तुझं बोलणं आठवलं होतं मला, पण बाहेर पडवीत ठेवलं तर पावसाची भीती. म्हणून मागच्या खोलीत रचलं, पार आढ्यापर्यंत. आई म्हणतात, खोलीला इतका छान वास येतो की झोप लागते लगेच.

काल वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली. आम्हाला नीट ऐकू आलं नाही, गाडी बोडीच्या त्या बाजूनंच वळली. संध्याकाळी रुख्मा वहिनी आल्या. पहिल्यांदाच थेट अंगणात. आईंचा हात धरून म्हणाल्या, "मायजी, आमच्या घरी झोपाले चला." आई म्हणाल्या, "आता स्वतःचं घर झालं, बाई, आता कुणाच्या दारात कशाला?" वहिनी फाटकाकडे वळल्या. मग भिंतीकडे बघत गेल्या.

भाऊबीजेला तू ये. मी तुला ओवाळणार आहे.

तुझी
आचल


गोंदिया, २४ नोव्हेंबर

भोजूदादा,

त्या दिवशी तू आलास तेव्हा मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. सगळे होते. आता हे फक्त तुला लिहिते.

तुझं पत्र धनत्रयोदशीला दुपारी तीन वाजता पोहोचलं. होय, पोहोचलं. मी हिमांशूला आणि सगळ्यांना सांगितलंय की ते दुसऱ्या दिवशी आलं. ते खोटं आहे.

मी ते मोहाखाली उभी राहून वाचलं. हिमांशू दाराशी कंदील बांधत होता, शीळ घालत होता. कितीतरी महिन्यांनी. आई मागच्या खोलीत धान्याला हळदकुंकू वाहत होत्या. मी पत्राची घडी घालून पोह्यांच्या डब्यात ठेवली. मला वाटलं, सण आहे, जेवणं होऊ देत. हिमांशू म्हणेल, बघ, सांगत होतो ना तुझ्या भावाचं. मग हे घर गेलं. मला दुसरं कुठलं घर नव्हतं. सकाळी शांतपणे सांगू, सकाळी निघू, एक रात्र तर आहे. एवढंच वाटलं, दादा.

सात वाजले होते. पानं मांडली होती. आई म्हणाल्या, जरा पाठ टेकते, तुम्ही वाढा. मी वरण गरम करत होते. बांबू मोडल्यासारखा आवाज आला. मग घर हललं, आणि धुळीनं दिवा विझला.

हिमांशू आत धावला. मी त्याला मागून धरलं आणि बाहेर ओढलं. मी ओढलं, तो येत नव्हता. आम्ही बांधाच्या आड पडलो. अंधारात ते दिसत नव्हते, नुसतं काळं काहीतरी सरकत होतं. पोती फाटण्याचा आवाज. श्वासाचा आवाज. एक पिल्लूही होतं, ते बारीक ओरडायचं. तासभर ते धान खात होते, आणि आम्ही ऐकत होतो. आत आईंचा आवाज नव्हता. एकदाही नव्हता. गावातून डबे वाजायला लागले तेव्हा ते गेले.

डॉक्टर म्हणाले, भिंत पडली त्याच क्षणी गेल्या. हिमांशू मला रोज विचारतो, खरंच त्याच क्षणी का गं? मी हो म्हणते.

चार तास ते पत्र माझ्याजवळ होतं. खाटेसकट उचलून नेता आलं असतं.

तू खोटं लिहिलंस म्हणून मी तुला माफ करणार नव्हते. आता तो हक्क मला राहिला नाही.

आचल


बेहडटोला, १९ जानेवारी २०२५

आचल,

तुझं पत्र मी बांधीवर बसून वाचलं. बोडीजवळच्या त्या बांधीवर. ते मंगरूले परत केली. त्यानं घेतली नाही, पडीत पडली आहे.

मी तुले काय सांगू? चार तास तुझे आहेत, पण नऊ महिने माझे आहेत.

आता हे तुले कळवणं जरुरी आहे. हिमांशूजीनं घराची जाहिरात मोबाइलवर टाकली आहे, तुले माहीत आहे काय? त्यात लिहिलं आहे, जंगलालगत मातीचं घर, शांत परिसर, किरकोळ दुरुस्ती. नागपूरचं एक जोडपं पाहाले आलं. आपल्याच वयाचे. त्यांचंही तेच, फ्लॅट नको, हप्ते नको, पोरगी मातीत खेळली पाहिजे. चार वर्षांची पोरगी आहे.

मी त्यांले मागच्या खोलीत नेलं. सगळं सांगतलं. मंगरूच्या बायकोचं आन मायजीचं. कोन कुठं झोपलं होतं ते हातानं दाखवलं. बाई घाबरली. तिचा नवरा म्हणाला, "आम्ही धान ठेवणारच नाही ना. आणि मागून विजेच्या तारेचं कुंपण घालून घेऊ." मग पायाच्या खळग्यात पोरीले उभी करून फोटो काढला.

ते घर घ्याले तयार आहेत. तुझी सही पाहिजे म्हणतात.

भोजराज


गोंदिया, २ फेब्रुवारी

भोजूदादा,

मी सही करणार नाही.

जाहिरातीचं मला माहीत नव्हतं. हिमांशूला विचारलं तर म्हणाला, "निदान तेवढं तरी हातात येऊ दे. लोक आपल्या डोळ्यांनी बघून घेतायत, आपण कुणाला फसवत नाही." खरं आहे, तू सांगितलंस त्यांना. तरी त्या पोरीला कुणी विचारलं?

मग मी पोस्टाच्या शिक्क्यासकट तुझं ऑक्टोबरचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि ते किती वाजता आलं ते सांगितलं. त्यानं पत्र पूर्ण वाचलं. घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला राहुलकडे गेला. जाताना आईंचे देव घेऊन गेला. फोन करत नाही.

मला इथं एका शाळेत काम मिळालंय. भाड्याची खोली आहे, एका म्हाताऱ्या बाईंची. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, भिंतीला खिळा मारायचा नाही.

तू त्या घराची उरलेली कवेलू उतरवून घे. भिंती पाडून टाक. जागा माझ्याच नावावर राहू दे, म्हणजे तिथं कुणी राहायला येणार नाही.

आचल


बेहडटोला, ११ मार्च

आचल,

तू म्हणाली तसं केलं. दोन दिवस लागले. मी आन रुख्मा, दोघांनीच. तिथं आता सपाट आहे.

नागपूरच्या त्या लोकांले मी सांगतलं, घर विकाचं नाही, पाडलं. ते उभ्या उभ्याच सुखरामच्या घराकडे गेले. सुखरामनं त्याच दिवशी इसार घेतला. मागल्या सोमवारी ते राहाले आले. ट्रकमधून पोरीची सायकल उतरली, झोपाळा उतरला. नवरा चांगला माणूस आहे, मले पाहून हात करते. म्हणते, भोजराजभाऊ, तुम्ही लय टेन्शन घेता.

मी सरपंचाकडे गेलो. तो म्हणते, ज्याचं घर त्याची मर्जी. वनखात्याच्या गार्डाकडे गेलो. तो म्हणते, कळप सध्या नदीपलीकडे आहे, इकडे आला त कळवू. मी विचारलं, कसं कळवाल, इथं फोन लागत नाही. त्यानं नाव लिहून घेतलं.

तिरोड्याच्या ठेकेदारानं परत बोलावलं होतं, ते काम मी सोडलं. रोज दिवेलागणीच्या आधी त्यांच्या फाटकापर्यंत जातो, मागच्या बाजूनं जंगलाच्या कडेले एक चक्कर मारतो, जमीन पाहतो, वास घेतो आन येतो. रुख्मा म्हणते, असं किती दिवस करणार? मी म्हणतो, ते आहेत तोवर.

काल पोरगी फाटकावर चढून बसली होती. मले विचारते, "काका, तुम्ही रोज काय शोधता?"

मी म्हटलं, काही नाही बाई. आत जा. आता अंधार पडून राहिला.

भोजराज